आपल्या गावचे कविप्रवर : राम जोशी आणि त्यांचा काळ

सोलापूरचे नाव काढले की परगावच्या माणसाला चादर आठवते, शेंगांची चटणी आठवते, १९३० सालचा मार्शल लॉ आणि १९३१ साली फासावर गेलेले आपले चार हुतात्मे आठवतात. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा आणि तळ्यातले सिद्धेश्वराचे देऊळ तर सर्वांना ठाऊकच आहे. परंतु ज्यांच्या कवित्वाला खुद्द मोरोपंतांनी मान दिला, ते राम जोशी ह्याच मातीत जन्मले, हे मात्र आपल्यापैकी पुष्कळजणींच्या ध्यानात नसते. काहीजणींना ते ठाऊक असते, पण नाव घेताना आवाज थोडा खाली येतो. कारण उघड आहे. राम जोशी हे लावणीकार.

वर्धापनदिनाच्या कार्यक्रमाची चर्चा चालू असता आमच्यातील एका तरुण भगिनीने सुचविले, की ह्या वेळी राम जोश्यांवर काहीतरी करावे. लगेच दुसऱ्या बाजूने शंका निघाली, की महिला मंडळात लावणी शोभेल का? दोघींच्या म्हणण्यात तथ्य होते, म्हणून निर्णय काहीच झाला नाही. तेव्हा मी असे ठरविले, की आधी हा माणूस कोण, कोणत्या काळात वाढला आणि त्याने जे लिहिले ते तसेच का लिहिले, हे पाहावे. मग शोभते की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे. हिराचंद नेमचंद वाचनालयातील जुनी पुस्तके, शाहिरी वाङ्मयाचे संग्रह आणि पेशवाईच्या इतिहासाचे ग्रंथ ह्यांतून जे हाती आले, ते साध्या शब्दांत भगिनींपुढे ठेवीत आहे.

आपल्या आईआजीच्या पिढीला राम जोशी भेटले ते पडद्यावर. व्ही. शांताराम ह्यांच्या राजकमल कलामंदिराने १९४७ साली काढलेला ‘लोकशाहीर राम जोशी’ हा बोलपट त्या काळी घरोघरच्या बायकांनी पाहिला. जयराम शिळेदार त्यात राम जोशी झाले होते, हंसा वाडकर बया झाल्या होत्या आणि लेखन ग. दि. माडगूळकरांचे होते. बोलपट गोड आहे. परंतु बोलपटाला नायक लागतो, नायिका लागते आणि तीन तासांत शेवट लागतो. इतिहासाचे तसे नसते. त्याला आधी काळ विचारावा लागतो.

राम जगन्नाथ जोशी ह्यांच्या जन्माचे साल बहुतेक ठिकाणी १७६२ असे दिलेले आढळते. काहीजण १७५८ मानतात. कोणतेही धरले तरी एक गोष्ट स्पष्ट होते. हा जन्म पानिपताच्या आगेमागे झालेला आहे. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर मराठ्यांची एक पिढी कापली गेली. त्यानंतर कितीतरी घरांत बांगड्या फुटल्या, आणि कितीतरी घरांत त्या फोडाव्यात की राखाव्यात हेही कळेना, कारण गेलेला माणूस मेला की कैदेत आहे ह्याची वार्ताच नव्हती. हा मुलगा ज्या जगात डोळे उघडीत होता, ते जग वाट पाहणाऱ्या बायकांचे होते. हे आपण मनाशी धरून ठेवू. पुढे त्याचा उपयोग आहे.

घर वैदिक ब्राह्मणाचे, विद्येचे. थोरले बंधू मुद्गल जोशी हे पुराणिक आणि कीर्तनकार म्हणून नावाजलेले. धाकट्यानेही तीच गादी चालवावी, ही घरची अपेक्षा स्वाभाविक होती. परंतु गावात धोंडी शाहिराचा तमाशाचा फड होता आणि रामाचा पाय तिकडे वळला. डफ, तुणतुणे, ढोलकी आणि झांज ह्यांच्या साथीवर आधी गण, मग गौळण, मग लावण्या आणि सवालजवाब असा तो खेळ चाले. सवालजवाबात कलगीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष पडत; एक शक्तीला श्रेष्ठ मानी, दुसरा शिवाला. एकाने कोडे घालायचे आणि दुसऱ्याने तिथल्या तिथे कवितेत उत्तर द्यायचे. ज्या मुलाच्या कानावर घरी अष्टौप्रहर श्लोक पडत होते, त्याला ह्या झटापटीची गोडी लागली तर नवल नाही. तो फडासाठी लावण्या रचू लागला.

ब्राह्मणाच्या मुलाने फडात बसणे ही त्या काळी लहानसहान गोष्ट नव्हती. फडातील मंडळी नाना जातींची. त्यांच्यात उठणेबसणे, खाणेपिणे म्हणजे सोवळे गेले, पंगत गेली आणि घरातील मुलींची लग्ने अडली. मुद्गल जोश्यांनी धाकट्या भावाला घराबाहेर काढले, असे सर्व चरित्रकार सांगतात. वाचताना प्रथम त्या थोरल्या भावाचा राग येतो. परंतु पुराणिकाचे पोट लोकांच्या विश्वासावर चालते, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचीही अडचण समजते. गाव ज्याच्या तोंडून पुराण ऐकते, त्याचा भाऊ रात्री ढोलकीपाशी सापडतो, हे गावाने सहन केले नसते.

घराबाहेर पडलेला राम कोठे गेला? दुसरा कोणी असता तर सरळ फडात जाऊन राहिला असता. हा गेला पंढरपुरास, आणि तेथे बाबापाध्ये नावाच्या विद्वानांपाशी राहून काव्य आणि व्याकरण शिकला. मला स्वतःला ही गोष्ट फार मोलाची वाटते. घराने घालवून दिले ते विद्येत लक्ष नाही म्हणून. आणि बाहेर पडल्यावर ह्याने विद्याच जवळ केली. आपल्या शाळेच्या पुस्तकांत जुन्या कवींचे संत, पंत आणि तंत असे तीन वर्ग शिकवीत. संत म्हणजे अभंग रचणारे, पंत म्हणजे संस्कृत जाणणारे पंडितकवी आणि तंत म्हणजे तुणतुण्यावर गाणारे शाहीर. राम जोश्यांचा एक पाय पंतांच्या ओसरीवर आणि दुसरा तंतांच्या फडात होता. पंढरपुरात राहिल्याने संतांचा वाराही लागला असणारच.

ह्या विद्वत्तेची खूण त्यांच्या लावणीवर स्पष्ट दिसते. अनुप्रास आणि यमके इतकी दाट, की म्हणणाऱ्याची जीभ अडखळावी. संस्कृत समास मात्र ढोलकीच्या ठेक्यावर बिनचूक बसलेले. त्यांनी संस्कृतातही लावणी रचली. आणि मराठी, संस्कृत, कानडी व हिंदुस्थानी अशा भाषा एकाच रचनेत गुंफून दाखविल्या. पुण्याच्या शाहिराला हे सुचले नसते असे नाही, परंतु सोलापूरकराला ते सुचणे अगदी स्वाभाविक होते. आपले गाव मुळातच भाषांच्या सीमेवरचे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी आपली वचने कानडीत सांगितली ती येथेच. राम जोश्यांच्याच काळी म्हैसूरकडून आलेले शुभराय महाराज सोलापुरात राहिले. ते चित्रे काढीत आणि कानडीत व मराठीतही पदे रचीत. त्यांचा मठ आजही आपल्या गावात आहे. पलीकडे निजामाचे राज्य, तिकडची हिंदुस्थानी भाषा बाजारात नित्य ऐकू येई. आजही आपल्याकडे भाजीवालीशी मराठीत बोलावे, शेजारणीशी कानडीत, आणि समोरच्या घरी तेलुगू चालू असावे, हे रोजचेच आहे. ज्याला पंडित लोक कविचातुर्य म्हणतात, ते राम जोश्यांच्या कानावर बाळपणापासून पडले होते.

आता ह्या लावणीला पोसणारा काळ कसा होता, ते पाहू. मराठ्यांची फौज दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी घरी परते. शिलेदार, बारगीर, पागे आणि त्यांच्यामागचे बाजारबुणगे असे हजारो लोक वर्षातील सात-आठ महिने परमुलखात असत. परत येताना हाती पगाराचा आणि लुटीचा पैसा असे, जीव वाचल्याचा आनंद असे, आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा जायचे आहे ही टांगती तलवारही असे. छावणीत आणि गावात तमाशाचे फड चालत ते ह्या लोकांच्या पैशावर. श्रोता असा असला म्हणजे कविता शृंगाराची व्हावी, ह्यात आश्चर्य नाही. पोवाडाही त्यालाच हवा होता, कारण त्यात त्याच्या लढाईचे वर्णन असे; लावणीही त्यालाच हवी होती, कारण तिच्यात त्याच्या घराचे वर्णन असे.

घराचे म्हणजे कसे? येथेच ती वाट पाहणारी बाई येते. पेशवाईतील लावण्या वाचताना मला पहिल्यांदा जाणवले ते हे, की त्यांतील कितीतरी लावण्या बाईच्या तोंडी आहेत. नवरा स्वारीवर गेला आहे, सण कोरडा गेला, पत्र नाही, सखी समजूत घालते आहे. असा त्यांचा विषय. महादजी शिंद्यांच्या फौजा वर्षानुवर्षे उत्तरेत राहिल्या. ज्या पोरींची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी झाली, त्या नहाण येऊन सासरी आल्या, तेव्हा नवरा यमुनेच्या काठी होता. त्या पोरींनी आपले दुःख स्वतः लिहून ठेवले नाही, कारण त्यांना अक्षरओळखच करून दिलेली नव्हती. ते दुःख ओळखीचे होते म्हणूनच शाहिराच्या लावणीत आले. अर्थात ते पुरुषाने पुरुषांसाठी लिहिले. त्यामुळे त्यात रंग भडक झाला आणि बाईच्या मनापेक्षा तिच्या देहाकडेच लक्ष अधिक गेले, हेही मान्य केले पाहिजे. तरीपण ओव्या सोडल्या, तर त्या काळच्या बायकांच्या एकटेपणाचा माग ज्या थोड्या ठिकाणी लागतो, त्यांत लावणी आहे. तेवढ्यासाठी तरी ती वाचलीच पाहिजे असे मला वाटते.

दुसरा प्रश्न पोटाचा. विद्वान ब्राह्मणापुढे त्या काळी उपजीविकेच्या वाटा ठरलेल्या होत्या. एक दक्षिणेची. श्रावणमासात पुण्यास पेशव्यांकडून विद्वानांना दक्षिणा वाटली जाई आणि तीसाठी दूरदूरचे ब्राह्मण पायपीट करून जात. दुसरी वाट पुराणाची आणि कीर्तनाची. देवळात कीर्तन करावे, पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, आणि शेवटी बिदागी घेऊन पुढच्या गावी जावे. फडाची मिळकत ह्या दोन्हींहून मोठी असू शके. पण ती आज आहे आणि उद्या नाही अशी. राम जोश्यांनी कीर्तनही केले आणि फडही चालविला. कोणते आधी आणि कोणते पुन्हा केव्हा, ह्याविषयी चरित्रकारांत एकवाक्यता नाही. परंतु दोन्ही वाटा ते चालले आणि दोन्हींत त्यांनी नाव मिळविले, ह्याविषयी मतभेद नाही.

ह्या दोन वाटांच्या मध्ये उभे आहेत मोरोपंत. मोरोपंत पराडकर हे बारामतीस बाबूजी नाइकांच्या आश्रयाला राहत असत. आर्यावृत्तात अवघे भारत रचणारा, एकशे आठ रामायणे लिहिण्याचा संकल्प धरणारा हा थोर पंडितकवी. त्याचे घर सोवळ्याचे, आचार कडक. राम जोश्यांचा खेळ बारामतीस झाला, मोरोपंतांच्या कानी ती रचना पडली, आणि एवढे कवित्व फडात खर्ची पडते आहे ह्याची त्यांना हळहळ वाटली, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. त्यांनी ह्या तरुण कवीचा अव्हेर न करता त्याचा गौरव केला आणि ही वाणी कीर्तनाकडे वळवावी असे सुचविले. त्यावर राम जोश्यांनी डफ फोडून टाकला, असेही सांगतात. कविप्रवर ही पदवी मोरोपंतांनीच दिली, अशीही समजूत आहे. कथेतील बारकावे सोडून दिले तरी मोरोपंत १७९४ साली वारले, तेव्हा ही भेट त्यापूर्वीची, म्हणजे राम जोशी तिशीच्या आसपास असतानाची, हे निश्चित.

मोरोपंतांना ह्या लावणीकारात काय दिसले असेल? मला वाटते, आपल्याच कुळातला कारागीर दिसला असेल. यमकाचा जो सोस पंतांना, तोच राम जोश्यांना. फरक इतकाच, की एकाची आर्या पोथीत बसून वाचायची आणि दुसऱ्याची लावणी हजार माणसांना एकाच वेळी ऐकवायची. पुढे झाले तेही तसेच. मोरोपंतांच्या आर्या कठीण. सामान्य माणसाला पोथीतून त्या कळणे अवघड. राम जोश्यांनी त्या कीर्तनात घेतल्या आणि आपल्या खड्या गळ्याने, अर्थ उलगडून, गावोगाव म्हटल्या. मोरोपंतांची कविता लोकांच्या ओठी जाण्यास ज्या कीर्तनकारांनी हातभार लावला, त्यांत राम जोश्यांचे नाव अग्रभागी घेतात. म्हणजे फडात कमावलेली हातोटी देवळात कामास आली. पंतांनी शाहिराला सन्मार्ग दाखविला, असे आपण म्हणतो. शाहिराने पंतांना श्रोते मिळवून दिले, हेही त्याच श्वासात म्हटले पाहिजे.

असे वळण घेणारे राम जोशी एकटे नव्हते. संगमनेरचे अनंत फंदी हेही मोठे लावणीकार. अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशाने ते फड सोडून कीर्तनाकडे वळले, अशी आख्यायिका आहे. दोन शाहिरांच्या दोन सारख्या कथा वाचल्या म्हणजे हा केवळ एकेकाच्या पश्चात्तापाचा भाग नसावा असे वाटू लागते. त्या काळच्या समाजाला शाहिराची कला हवीच होती, पण तिला घराच्या उंबऱ्याच्या आत घेण्यासाठी तिच्यावर कीर्तनाची शाल पांघरावी लागे. राम जोश्यांच्या उपदेशपर रचनांत ह्याचे उत्तर सापडते. जटा वाढवून, राख फासून, पोथ्यांचे भारे वाहून देव मिळत नाही. मनात खोट असेल तर बाहेरचे सोवळे फुकट आहे, असे त्यांनी फार रोखठोक सांगितले आहे. ज्याला सोवळ्यासाठी घर सोडावे लागले, त्याने हे सांगावे, ह्याला निराळे वजन आहे. त्यांच्या नावावर मदालसेच्या कथेवरील संस्कृत चंपूकाव्यही सांगितले जाते. पुत्रांना पाळण्यात ब्रह्मज्ञान शिकविणारी ती राजमाता मदालसा. शृंगाराच्या कवीला आईचीही थोरवी कळत होती, म्हणायची.

आता उत्तरार्धाकडे येऊ. १७९५ साली मार्च महिन्यात खर्ड्याची लढाई मराठ्यांनी जिंकली आणि त्याच वर्षी सवाई माधवराव गेले. १७९६ साली दुसरे बाजीराव गादीवर आले, १८०० साली नाना फडणीस वारले, आणि राज्याचा आधार सुटला. १८०२ च्या दिवाळीत यशवंतराव होळकरांनी पुण्यापाशी पेशव्यांचा पराभव केला. बाजीराव पळाले आणि डिसेंबरअखेर वसईस इंग्रजांशी तह करून बसले. फौजा आणि पेंढारी ह्यांनी उभी पिके तुडविली; पुढच्या वर्षी पावसाने दगा दिला; आणि १८०३-०४ चा तो भयंकर दुष्काळ दक्षिणेत पडला. त्यानंतर बाजीरावांनी मामलती इजाऱ्याने देण्यास प्रारंभ केला. जो अधिक बोली करील त्याला मामलत. मग तो ती रक्कम रयतेच्या हाडातून काढी. एकीकडे गावे ओस पडत होती, दुसरीकडे पुण्यात लावणीला सुगीचे दिवस आले होते. होनाजी, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर हे सर्व नामवंत शाहीर ह्याच काळातले. लावणीचा बहर आणि राज्याचा ऱ्हास एकाच वेळी व्हावा, हे पाहून अनेकांनी लावणीलाच दोष दिला. मला तो न्याय वाटत नाही. राज्य बुडाले ते इजाऱ्याने, भाऊबंदकीने आणि परक्यांशी केलेल्या तहाने. ढोलकीने कोठलाही तह केलेला नाही.

परंतु एक गोष्ट अशी आहे, की ती वाचल्यावर माझे मन अस्वस्थ झाले, आणि महिला मंडळाच्या स्मरणिकेत ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. राम जोश्यांच्या फडाबरोबर बया आणि चिमा ह्या दोघींची नावे परंपरेने जोडलेली आहेत. त्या काळी फडात बाईचे सोंग बहुधा नाच्या पोर घेई. त्यामुळे गाणाऱ्या बायकांची नावे मागे राहणे हे विशेषच. पण नावापलीकडे काय राहिले? त्यांचे गाव, त्यांची घरे, त्यांचे म्हातारपण, ह्यांविषयी ग्रंथ जवळजवळ मुके आहेत. पेशवाईत कलावंतिणी होत्या, नाटकशाळा होत्या. कुणबिणी आणि बटकी तर चक्क विकत घेतल्या आणि दिल्या जात, ह्याची सरकारी दप्तरांत नोंद आहे. अशा जगात गाणाऱ्या बाईला कोणती वाट मोकळी होती?

राम जोश्यांना घराने टाकले, तरी त्यांच्यापाशी विद्या होती. ते पंढरपुरास जाऊ शकले, गुरूने त्यांना जवळ केले. मोरोपंतांनी मान दिला. डफ खाली ठेवून ते कीर्तनाला उभे राहिले आणि तीच माणसे त्यांच्या पाया पडली. बयेला किंवा चिमेला हे शक्य नव्हते. तिने पंढरपुरास जाऊन व्याकरण शिकावे म्हटले असते, तर कोणी शिकविले असते? तिने डफ फोडला असता, तर दुसऱ्या दिवशी खाल्ले काय असते? तोच फड, तीच लावणी. पण पुरुषाला परतीची वाट होती आणि बाईला नव्हती. आपण ज्या काळात जन्मलो त्यात मुलीला अक्षर मिळाले, वाचनालय मिळाले, चार बायकांनी एकत्र बसून स्मरणिका काढावी एवढी मोकळीक मिळाली. ही मधली दीडशे-दोनशे वर्षे कशासाठी खर्ची पडली, ते ह्या एका तुलनेने मला जितके समजले, तितके मोठमोठ्या भाषणांनी समजले नव्हते.

१८१२-१३ च्या सुमारास, पन्नाशीच्या घरात, राम जोशी गेले. पेशवाईचा शेवट त्यांनी पाहिला नाही. पाच-सहा वर्षांनी, १८१८ च्या मे महिन्यात, जनरल मन्रोच्या फौजेने आपल्या सोलापूरच्या किल्ल्याला वेढा घातला आणि थोड्याच दिवसांत किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. स्वाऱ्या संपल्या, त्यांबरोबर शिलेदारांच्या हातचा पैसा संपला आणि शाहिरांचे मोठे आश्रय तुटले. लावण्या मात्र राहिल्या. त्या काही काळ गाणाऱ्यांच्या गळ्यात आणि हातच्या बाडांत राहिल्या. पुढे शंकर तुकाराम शाळिग्रामांसारख्या कष्टाळू संग्राहकांनी त्या मिळवून छापल्या. विसाव्या शतकात म. वा. धोंडांसारख्या विद्वानांनी लावणीचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला, आणि ज्या कवितेचे नाव घेताना लोक इकडेतिकडे पाहत, तिच्यावर विद्यापीठांतून व्याख्याने होऊ लागली.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. मंडळात राम जोशी शोभतील का? माझे मत असे, की सर्वच लावण्या सर्वांपुढे म्हणण्याजोग्या नाहीत, आणि तसा आग्रहही धरू नये. ज्या श्रोत्यांसाठी त्या केल्या, ते श्रोते गेले. त्यांची भूक निराळी होती. परंतु उपदेशाच्या रचना आहेत, भाषांच्या गमतीच्या रचना आहेत, आणि घरधन्याची वाट पाहणाऱ्या बाईच्या रचनाही आहेत. त्या निवडून, अर्थ सांगून, त्या काळची माहिती देऊन एक संध्याकाळ सहज करता येईल. आमच्यात कानडी जाणणाऱ्या भगिनी आहेत, संस्कृत शिकविलेल्या आहेत, हिंदुस्थानी तर सर्वांनाच येते. चार भाषांची ती लावणी समजावून सांगण्याला सोलापूरच्या महिला मंडळाइतके योग्य स्थळ मला तरी दुसरे दिसत नाही. आणि त्या संध्याकाळी राम जोश्यांच्या नावाबरोबर बया आणि चिमा ह्यांचीही नावे घ्यावीत, एवढी माझी विनंती आहे. कविप्रवरांची कविता पोथीत टिकली. पण ती प्रथम लोकांच्या कानावर घातली, त्यांत ह्या दोघींचेही गळे असतील.

कार्यकारी मंडळाने ह्याचा विचार करावा. पुस्तके मिळविण्याचे आणि निवड करण्याचे काम माझ्याकडे सोपविल्यास मी ते आनंदाने करीन.